कोंडाबाईच्या दारावरून जाणारी वाट

लग्नकार्यात शेजारी बसलेल्या बाई विचारतात, "तुम्ही नोकरी कुठे केलीत?" मी सांगते, "जंगलातल्या वाटा सांभाळत होते." त्या मान डोलावतात आणि जिलेबी गरम आहे का ते बघतात. एकींनी नेटाने पुढे विचारलं, "म्हणजे रोपं वगैरे लावायची?" मी हो म्हणून टाकलं. पंगतीत याहून जास्त समजावता येत नाही.

इथे जागा आहे, म्हणून नीट सांगते.

जंगलात वाट असतेच, असा शहरातल्या माणसांचा समज असतो. ती नसते. गुरं चरायला जातात म्हणून होते, बाया लाकडाला जातात म्हणून होते. गुरं आणि बाया यायच्या थांबल्या की दोन पावसाळ्यांत कारवीची झुडपं तिला गिळून टाकतात. मग शहरातली माणसं 'निसर्गात' येतात, तेव्हा कुणीतरी विळा घेऊन आधी पुढे गेलेलं असावं लागतं. ते कुणीतरी म्हणजे मी.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. शिराळ्याच्या वरच्या अंगाला राखीव झालेल्या जंगलात एक निसर्गवाट आखायची आणि सांभाळायची परवानगी सांगलीच्या एका निसर्गप्रेमी मंडळाला मिळाली होती. मी तोवर विश्रामबागच्या एका शाळेत मुलींना खेळ शिकवत होते. मंडळाला पगारी माणूस हवा होता आणि मला घंटा नसलेली नोकरी हवी होती. "पुरुष का नाही घेतला?" हे पुढे सगळ्यांनी विचारलं. दोन पुरुष आले होते. एकाला पहिल्याच फेरीत जळवा लागल्या आणि दुसऱ्याला घरून परवानगी मिळाली नाही.

काम असं असायचं. दसऱ्याच्या सुमारास पाऊस हटला की गवत डोक्याच्या वर गेलेलं असे. त्यातून वाट मोकळी करायची, पडलेली झाडं बाजूला ओढायची, चुकायच्या जागी खुणा करायच्या. वनखात्याची अट होती, झाडाला खिळा नाही आणि दगडाला रंग नाही. म्हणून आम्ही चिंध्या बांधायचो. माधवनगरला एका मागवाल्याकडे कापडाच्या कापून टाकलेल्या किनारी पोतंभर मिळत. पहिल्या वर्षी मी हौसेने पिवळ्या आणल्या. जानेवारीत सगळं जंगलच पिवळं झालं आणि माझ्या खुणा मलाच दिसेनात. पुढच्या वर्षापासून लाल. चिंधी डोळ्यांच्या उंचीवर बांधायची आणि तिच्यापाशी उभं राहिल्यावर पुढची दिसली पाहिजे, एवढंच या धंद्यातलं शास्त्र. डोंगरमाथ्यावरच्या उघड्या खडकाला तिकडे सडा म्हणतात. तिथे झाडच नसतं, तेव्हा दगडावर दगड ठेवायचा.

रविवारी गट यायचे. बहुतेक बायकांचे: शिक्षिका, बँकेतल्या, काही नुसत्याच घराबाहेर पडायला मिळतं म्हणून आलेल्या. पुढे मी आणि सगळ्यांत मागे एक जाणतं माणूस. गटाचा वेग सगळ्यांत हळू चालणाऱ्याचा. ते स्थान देशपांडे वहिनींनी कायमचं राखून ठेवलं होतं. वहिनी साठीच्या, पोस्टातून निवृत्त झालेल्या, एकही रविवार न चुकवणाऱ्या आणि चार पुडांचा स्टीलचा डबा घेतल्याशिवाय डोंगर न चढणाऱ्या.

"वहिनी, वजन जरा कमी करा," मी एकदा म्हटलं.

"कुणाचं? माझं की डब्याचं?"

डब्यात गुळपोळ्या असायच्या, म्हणून मी तो विषय पुन्हा काढला नाही.

आता मुद्द्याचं. जंगल राखीव झालं तेव्हा आतल्या वाड्या उठवून खाली सपाटीला वसवल्या होत्या. लोक जाताना कौलं, दारं, वासे घेऊन गेले. उरले चौथरे आणि फणसाची झाडं. फक्त वरच्या वाडीतलं एक घर शाबूत होतं आणि त्यात कोंडाबाई राहायची. तिच्या मुलाला, तानाजीला, खाली जागा मिळाली, पत्र्याचं घर झालं. ती त्याच्याबरोबर गेली आणि पहिला पाऊस सरताच म्हैस घेऊन परत आली. साठी केव्हाच ओलांडलेली. मंडळासाठी जागा बघत फिरताना ती मला दोनदा लांबून दिसली होती, डोक्यावर भारा घेऊन चाललेली.

त्या भागाचे वनरक्षक माने. फौजेतून आलेले, बुटांना रोज पॉलिश करणारे. मी त्यांना विचारलं, "वरच्या वाडीत कोण राहतं?"

"कोण न्हाई मॅडम. सगळी खाली गेल्यात. तशी ऑर्डरच हाय."

"धूर दिसतो तिथे."

"धुकं असतंय."

"दुपारी बारा वाजता?"

"ह्या साइडला असतंय."

मला समजायला जरा वेळ लागला, पण समजलं. मान्यांना ती दिसली, तर वर कळवावं लागणार आणि कोंडाबाईला खाली जावं लागणार. दिसली नाही तोवर ती राहू शकत होती. सगळा मामला एवढ्यावर टेकलेला होता. म्हणून वाट आखताना माने स्वतः माझ्याबरोबर चालले आणि वाडीपासून दूर, डोंगराच्या वरच्या धारेकडे बोट दाखवून म्हणाले, "हिकडनं घ्या मॅडम, व्ह्यू चांगला हाय." तिथे व्ह्यू वगैरे काही नव्हता. नुसती कारवी होती आणि गुडघे फोडणारा चढ. मी वाट तिथूनच नेली.

दुसऱ्या की तिसऱ्या हिवाळ्यात घोटाळा सुरू झाला.

चिंध्या मी स्वतः आठवड्यापूर्वी बांधल्या होत्या. रविवारी गट घेऊन सड्यावरून खाली उतरले, एका चिंधीवरून दुसरीकडे, नेहमीसारखी. पाणवठा यायला हवा होता. आला फणस. मी थांबले. माझ्या वाटेवर फणस नव्हता. पुढे बघितलं तर आणखी एक लाल चिंधी, अगदी डोळ्यांच्या उंचीवर, माझ्याच कापडाची. मागे वळून बघितलं तर मागचीही बरोबर दिसत होती.

"काय झालं?" देशपांडे वहिनी धापा टाकत पोचल्या.

"वाट चुकलीय बहुतेक."

"चकवा लागला," वहिनी म्हणाल्या. जंगलात माणसाला भुलवून गोल फिरवणारं काहीतरी असतं, त्याला आमच्याकडे चकवा म्हणतात.

"वहिनी, चकवा तिन्हीसांजेला लागतो म्हणतात. आत्ता ऊन डोक्यावर आलंय."

"मग हा दिवसपाळीचा असेल."

बायका हसल्या. मीही हसले आणि गट मागे फिरवला. पण घरी आल्यावर जेवण गेलं नाही. माझी चाळिशी जवळ आली होती आणि आईला त्याच वर्षी विसरायचा आजार सुरू झाला होता. दूध तापायला ठेवून ती शेजारी जाऊन बसायची. मी पलंगावर पडून सड्यापासून खाली एकेक चिंधी आठवत होते. आंब्याला एक, अंजनीला एक, मग वळण. फणसाला? फणसाला मी कधी बांधली?

पुढच्या चार दिवसांत मी सगळ्या शक्यता तपासल्या. वानरं? वानरं चिंध्या काढतात, हे मी पाहिलेलं होतं. पण काढून दुसरीकडे, नजरेच्या अंतरावर, ओळीने बांधतील? मान्यांना हे अशक्य वाटलं नाही. "माकडं लय शिकल्यात आता मॅडम," ते म्हणाले आणि दुसरीकडे बघायला लागले. कोल्हापूरच्या पोरांचा एक गट आदल्या महिन्यात येऊन गेला होता, त्यांचा चावटपणा असेल म्हणून मी त्यांच्या म्होरक्याला फोन केला. तो इतका प्रामाणिकपणे गोंधळला की मीच माफी मागून फोन ठेवला. शेवटी गुरुवारी जाऊन सगळ्या चिंध्या सोडल्या आणि पुन्हा जुन्या जागी बांधल्या. या खेपेला प्रत्येक झाडापाशी उभं राहून मोठ्यांदा म्हणत गेले: अंजनीला बांधली, हिरड्याला बांधली. कुणी पाहिलं असतं तर नोकरीच गेली असती.

रविवारी वाट पुन्हा फणसाकडे गेली. फणसाच्याही पुढे गेली.

मी ठरवलं, आता जाईल तिथे जायचं. चिंध्यांच्या मागे उतरत गेलो. उतार सोपा होता, सावली होती, पायाखाली झिजलेले दगड होते. मग शेणी रचलेली भिंत लागली. तिच्या कडेने वळलो तर एक म्हैस दावणीला उभी राहून आम्हा सगळ्या बायकांकडे रवंथ करत बघत होती. अंगण नुकतंच सारवलेलं. दारात कोंडाबाई.

"या," ती म्हणाली. "लय येळ लावला. ताक तापायला लागलं."

बायका ओट्यावर पसरल्या. ताक फिरलं. देशपांडे वहिनींनी डबा उघडला आणि दोघींची पोळ्या-ताकावरून ओळख झाली. मी कोंडाबाईला म्हशीच्या बाजूला घेऊन गेले.

"मावशी, चिंध्या तुम्ही हलवल्या?"

"व्हय."

मला वाटलं होतं ती नाकबूल करेल, आणि त्यासाठी पुढचे प्रश्न माझ्याजवळ तयार होते. ते सगळे वाया गेले.

"का पण?"

"तुजी वाट वाकडी हुती. धारंवरनं कोण जातंय का, येडी का खुळी? आमची वाट ही. माज्या आज्जेसासूपासनं हीच हाय."

"अहो, पण मी वेडी व्हायची राहिले. मला वाटलं माझंच डोकं फिरलं."

"फिरंना का. वाट तर सरळ झाली."

मग तिने मला समजावलं, शाळेतल्या पोरीला समजावावं तसं. तिच्या सासऱ्याची भावकीशी बांधावरून केस झाली होती. मामलेदार वाडीत आला. त्याने एकच गोष्ट विचारली, वाट चालती आहे का मोडली? सासऱ्याने पाच माणसं उभी केली, आम्ही रोज चालतो म्हणून. वाट राहिली.

"आता हितं कोण चालतंय?" कोंडाबाई म्हणाली. "मी आन म्हस. म्हशीची साक्ष कोण घील? तुमी सांगलीची शिकल्याली मानसं. दर ऐतवारी हितनं गेलासा की वाट चालती ऱ्हाती. आन चालत्या वाटंवरलं घर कोण मोडत न्हाई."

वाळव्याकडच्या ऊसवाल्या घरात वाढलेल्या माणसाला वहिवाट म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. आमच्या वडिलांचं अर्धं आयुष्य गाडीवाटेच्या भांडणात गेलं. वर्षानुवर्षं चाललेली वाट कुणाला अडवता येत नाही, हे आम्ही पाढ्यांबरोबर शिकलो. त्यामुळे तिचं म्हणणं मला पुरतं कळलं आणि त्यात कुठे चूक आहे, तेही कळलं.

"मावशी, हे राखीव जंगल आहे. शेताचा बांध नाही. इथे वहिवाट लागत नाही."

"का? हितली मानसं पायानं चालत न्हवती?"

"तसं नव्हे. आणि दुसरं सांगते. वाट इथून गेली तर मान्यांना इथून चालावं लागेल. मग तुम्ही त्यांना दिसाल."

"दिसू दे की! मी काय कुणाची चोरी केली? हितं आल्यापासनं मान्या मला बघतोय आन न्हाई म्हनतोय. मी बाईमानूस हाय का भूत हाय?"

 मी बायकांना उठवलं आणि निघाले.

नियमाप्रमाणे मी चिंध्या परत धारेवर न्यायला हव्या होत्या. नेल्या नाहीत. मंडळाला सांगितलं की ही वाट चढाला सोपी आहे, सावलीची आहे, पाणी जवळ आहे. हे सगळं खरं होतं. पिढ्यान् पिढ्या डोक्यावर ओझी घेऊन चाललेल्या बायकांनी काढलेली वाट होती ती, मी विळ्याने काढलेल्या वाटेपेक्षा चांगली असणारच. वहिनींच्या गुडघ्यांनी पहिल्यांदा कुरकुर केली नाही. पण फक्त गुडघ्यांसाठी मी वाट तिथे ठेवली का, असं विचाराल तर मला सांगता येणार नाही. वाट चालती ठेवली तर कोंडाबाईला वाटत होतं की तिचं घर वाचेल, आणि मला वाटत होतं की ती उघडी पडेल. दोघींचंही खरं कसं असू शकेल, हे कोडं डोक्यात ठेवूनच मी तो हिवाळाभर गट नेत राहिले.

मान्यांची पंचाईत झाली. "मॅडम, मला त्या साइडला न्यू नका," ते म्हणाले.

"वाट आता तीच आहे, माने."

"मग मी मागनं येतो. बुटाकडं बघत."

आणि ते खरंच तसे यायचे. घर आलं की मान खाली, पावलं कवायतीची. कोंडाबाई मुद्दाम ओट्याच्या कडेला येऊन ओरडायची, "मान्या, ताक पी की! फौजंत काय तहान लागत न्हवती व्हय?"

"मॅडम, कोण बोललं का?" माने पुढे जाऊन विचारायचे. कपाळावर घाम आलेला असे.

बायकांना याची गंमत वाटे. मलाही वाटे, खोटं कशाला सांगू. पण वाट चांगली असली की तिची बातमी होते. साताऱ्याहून कॉलेजच्या मुली आल्या, कऱ्हाडहून शिक्षक आले. जो येई तो 'त्या आजीच्या ताकाबद्दल' बोलत घरी जाई. आणि संक्रांतीनंतर नवे रेंजर निसर्गवाट बघायला आले.

रेंजर तरुण होते, सभ्य होते आणि चालायला दमदार होते. त्यांच्या मागे मी आणि माझ्या मागे बुटाकडे बघत माने. रेंजर मोठ्या आनंदात होते. झिजलेले दगड पाहून म्हणाले, "ही किती नैसर्गिक वाट आहे! तुम्ही कशी शोधलीत?" मी म्हटलं, "सापडली."

कोंडाबाईला कुठून कळलं, देव जाणे. ती ठेवणीतलं लुगडं नेसून वाटेच्या मधोमध उभी होती.

"सायेब," तिने सरळ विचारलं, "ही वाट चालती हाय का मोडली?"

रेंजर हसले. "चालती आहे की आजी. उत्तम आहे. हीच आता पक्की करायची."

कोंडाबाई माझ्याकडे वळली. मी तिचा चेहरा इतका मोकळा कधी पाहिला नव्हता. "ऐकलंस न्हवं बाय? तू साक्षीला हाईस."

मी मान डोलावली. दुसरं काय करणार?

मग रेंजरांची नजर धुराड्यावर गेली, म्हशीवर गेली, शेणींवर गेली. त्यांनी मान्यांना विचारलं, "या बाई इथे कधीपासून राहतात?"

माने ताठ उभे राहिले. "सर, आज पहिल्यांदा दिसल्या."

कुणी हसलं नाही.  रेंजर कोंडाबाईला अगदी नरमाईने म्हणाले, "आजी, खाली तुमच्या घरच्यांना जागा मिळालीय ना?"

"पोराला मिळालीया."

"मग तुम्हालाही तिथेच राहावं लागेल. इथे राहता येणार नाही."

"आत्ता तुमीच म्हनलासा, वाट चालती हाय."

"हो. पण ती आता खात्याची वाट आहे. सगळ्यांसाठी."

"सगळ्यांसाठी. मग मी कोण?"

रेंजर वाईट माणूस नव्हते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी काहीतरी सांगीन या आशेने. मी सांगितलं. म्हटलं, "साहेब, वाट पुन्हा वरून, धारेवरून नेता येईल. इकडे कुणी येणार नाही. पूर्वी तशीच होती." मला वाटलं, यातून सुटका आहे. लोक येणार नाहीत, धूर पुन्हा धुकं होईल, मान्यांना पुन्हा काही दिसणार नाही. रेंजरही विचारात पडले. मला आजही वाटतं, ते हो म्हणाले असते.

पण कोंडाबाईच माझ्यावर धावून आली. "हलवू नगंस! वाट हलवलीस तर मोडली म्हनायची! येवढी पायपीट करून मी ती हुबी केली, आन तू मोडतीस व्हय गं?"

"मावशी, तुमच्यासाठीच सांगतेय."

"माज्यासाठी काय बी करू नगंस. वाट ऱ्हाऊ दे."

झालं. वाट राहिली. कोंडाबाईला शिमग्यापर्यंतची मुदत मिळाली. ती मुदत रेंजरांनी स्वतःच्या जबाबदारीवर दिली, हेही सांगायला हवं.

तानाजी तिला न्यायला आला, त्या दिवशी मी जंगलातच होते. मुद्दाम नव्हे, पाणवठ्याजवळचं पडलेलं झाड ओढायचं होतं. तानाजीने भांडी पोत्यात भरली, दार चौकटीतून काढलं. कोंडाबाई म्हशीचं दावं धरून उभी होती. मला वाटलं रडेल, किंवा मला चार शब्द सुनावेल. दोन्हीला मी तयार होते.

ती म्हणाली, "वाट ऱ्हायली न्हवं?"

"राहिली, मावशी."

"मग झालं तर."

म्हणजे ती जिंकली असं तिला वाटत होतं की हरली असं? मी पावसाळाभर विचार केला. देशपांडे वहिनींना विचारलं. वहिनी म्हणाल्या, "बाई गं, पोस्टात चाळीस वर्षं काढली. काही पत्रं पत्ता बरोबर असून पोचत नाहीत. तू डोकं शिणवू नकोस." त्याने माझा गोंधळ वाढला.

पुढच्या हिवाळ्यात एका रविवारी सकाळी आमची गाडी वनखात्याच्या नाक्यावर पोचली. माने परवानगीची तपासणी करत होते. बायकांच्या रांगेत, वहिनींच्या मागे, नव्या चपला घातलेली कोंडाबाई उभी होती. हातात पिशवी. पहाटे निघून खालून चालत आली होती म्हणे.

"मावशे, तू हितं?" मान्यांना या खेपेला ती लगेच दिसली.

"माजं बी नाव घाल."

"अगं, तुला कशाला परवानगी?"

"मग ह्यांना कशाला लागती?"

मान्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "आमच्या गटात आहेत." मान्यांनी नाव घातलं. मग फौजेतल्या आवाजात सगळ्यांना ऐकवतात तसं ऐकवलं: काही तोडायचं नाही, आरडाओरडा नाही, वाट सोडून कुणी इकडेतिकडे जायचं नाही. कोंडाबाईने सगळं नीट ऐकून घेतलं. मध्ये एकदा "बरं" असंही म्हणाली.

चालताना ती आमच्यात सगळ्यांत पुढे होती. मग मागे वहिनी एकट्या पडलेल्या बघून मागे गेली आणि डबा स्वतःकडे घेतला. दोघी सुनांबद्दल बोलत येत होत्या. एका झाडाची चिंधी सुटून लोंबत होती, ती तिने घट्ट केली. 

घर आलं. छप्पर नव्हतं, दार नव्हतं, ओटा तेवढा जाग्यावर होता. नव्या बायकांना फार आवडलं. कुणी ओट्यावर बसलं, कुणी आत जाऊन चूल कुठे होती ते शोधू लागलं. "इथे केवढी शांतता असेल ना," एक म्हणाली. कोंडाबाई वाटेवरच उभी होती.

"अहो, या की आत," वहिनींनी हाक मारली. "तुमचंच घर."

"न्हाई वो वैनी. परवानगी वाटंची हाय. घराची न्हाई."

वहिनी हसल्या आणि मध्येच थांबल्या. कोंडाबाई थट्टेने बोलली, की मान्यांनी ऐकवलेला नियम तिने जसाच्या तसा मानला, की आम्हा सगळ्यांना चपराक मारली? तिच्या चेहऱ्यावरून मला काही ओळखता आलं नाही. तिला विचारायची हिंमतही झाली नाही, आणि मी काही कुणाला विचारायला घाबरणारी बाई नव्हे.

"जावा, बघून या निवांत," ती म्हणाली. "मी हाय हितं."

आणि आमचं तिचं घर बघून होईपर्यंत ती तिथेच, वाटेवर, आमच्या पिशव्या सांभाळत उभी राहिली.